मधाच्या बोटाची पाच वाक्ये

मित्रांनो, माझ्या डोक्यावर आता जेमतेम चाळीस-पन्नास केस उरले आहेत. हसलात तरी चालेल. दांड्याचा रंग कधीच उडाला आणि शेंड्याला दातांच्या खुणा आहेत, कारण विचार करताना मला चावायची माझ्या धन्याला सवय आहे. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरचा मी आठ नंबरचा ब्रश. वय बावीस. ब्रशाच्या जातीत इतके कुणी जगत नाही. मी तग धरला, कारण मला एका माणसावर सूड उगवायचा होता.

सूड वाईट असतो, असे मोठी माणसे तुम्हाला सांगतात. सांगोत बापडी. तुम्ही आधी माझे ऐका.

माझा जन्म एका लांबट, कमी उजेडाच्या खोलीत झाला. तिथे सहा बायका केसांचे झुपके दोऱ्याने बांधून पितळी कड्यांत बसवत. त्यांतली सगळ्यांत म्हातारी बाई तयार झालेला प्रत्येक ब्रश पाण्यात बुडवून उजेडाकडे धरायची आणि निकाल द्यायची. बऱ्याच जणांना ती म्हणाली, "हा नुसता फासेल." मला बघून म्हणाली, "हा लिहील." आयुष्यात माझी जी काही स्तुती झाली, तिच्यात मी ही पहिल्या नंबरावर ठेवतो.

पेंटरने मला घेतले तेव्हा त्याचे दुकान बाजाराच्या कडेला होते आणि मागे दोन खोल्या. काम संपले की तो मला टर्पेंटाइनमध्ये खळबळायचा, मग तळहातावर साबण घेऊन हळूहळू घोळवायचा, तेलाचा एक थेंब लावून चिमटीने टोक काढायचा आणि पत्र्याच्या डब्यात आडवा निजवायचा. ब्रश उभा ठेवला की त्याची मान मोडते. हे ज्याला कळते त्याच्या हाती आम्ही सुखी असतो.

आम्ही चपलांच्या दुकानांच्या, वकिलांच्या, शाळांच्या पाट्या लिहिल्या. एका दातांच्या डॉक्टरांनी हट्टाने 'वेदनारहित उपचार' असे लिहून घेतले होते. पाटीचा रंग ओला होता तोवरच आतून एक किंकाळी ऐकू आली. पेंटर शिडीवर हसून हसून डोलला आणि म्हणाला, "आपण लिहायचं. खरं करायचं काम मालकाचं." तेव्हा मलाही ते पटले होते. लोक म्हणत, या पेंटरचे अक्षर बघितले की दुकानदार सचोटीचा वाटतो. मी फुशारून जायचो.

मागच्या खोल्यांत पेंटरची थोरली बहीण राहायची. नवरा गेल्यावर ती मुलीला घेऊन भावाकडे आली होती. पेंटर तिला ताई म्हणे, म्हणून सगळी गल्लीच तिला ताई म्हणू लागली. ती धुलाई केंद्रात इस्त्री करायची. बाई आडव्या अंगाची, मोजके बोलणारी. तिची मुलगी मात्र शाळा सुटली की शिडीच्या खाली बसून मामाच्या चुका काढायची. नऊ वर्षांची असताना भर रस्त्यात ओरडली, "मामा, प्रसूतीतला सू दीर्घ!" सूतिकागृहाची सहा फुटी पाटी पुन्हा लिहावी लागली. त्या दिवसापासून पेंटर तिला तपासनीस म्हणू लागला. नुसते नाव देऊन तो थांबला नाही, तिला शिकवलेही. मला तिच्या बोटांत देऊन सांगायचा, "रस्त्यापलीकडच्या माणसाला चालता चालता वाचता आलं पाहिजे. नाहीतर ते अक्षर नाही, नुसती नक्षी."

मग फ्लेक्स आले. सकाळी सांगा, दुपारी टांगा. समोरच्याच दुकानात ते यंत्र घरघरू लागले आणि माझ्या डब्याचे झाकण सात-सात महिने उघडेना. पेंटर खिडक्यांचे गज रंगवायला जाऊ लागला. तपासनीस तोवर एकोणीस वर्षांची झाली होती आणि शिवणकाम शिकली होती, पण गावात शिवणाऱ्याच जास्त आणि कपडे कमी.

अशा दिवसांत तो आला.

नखे स्वच्छ, शर्टाला कडक इस्त्री, अत्तराचा मंद वास. ताई नंतर त्याला मधाचं बोट म्हणू लागली. तेच नाव मी वापरतो, कारण खरी नावे तो शर्टासारखी बदलायचा. त्याला कचेरीसाठी पाटी हवी होती.

"समोर फ्लेक्स स्वस्तात होईल की," पेंटर प्रामाणिकपणे म्हणाला.

"फ्लेक्स आज आहे, उद्या फाटतो," मधाचं बोट म्हणाला. "रंगवलेली पाटी बघितली की माणसाला वाटतं, हे इथंच राहणारे लोक आहेत. आणि अक्षर तुमचंच हवं. चौकशी केलीय मी."

माझ्या डब्याचे झाकण उघडले. किती आनंद झाला होता मला! चार दिवस आम्ही ती पाटी लिहिली. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे: परदेशी नोकरी. घरकाम, शिवणकाम, रुग्णसेवा. राहणे-जेवणे मोफत. आणि सगळ्यांत वर, लाल रंगात, सोनेरी कडा देऊन एक शब्द: खात्रीची. त्या शब्दाइतका देखणा शब्द मी आजवर लिहिलेला नाही. ही लाज माझ्या केसांत रंगासारखी वाळून बसली आहे. कुठल्याही टर्पेंटाइनने ती निघत नाही.

पुढच्या महिन्यात तोच माणूस आमच्या मागच्या खोलीत, ताईने दिलेल्या खुर्चीवर बसला होता. पेंटरने मला कानामागे खोचले होते, म्हणून मी सगळे ऐकले.

"मावशी, मला तुमचा मुलगाच समजा," तो म्हणाला. "मुलीची काळजी माझी. पासपोर्ट माझ्याकडे राहू दे, वाटेत हरवला तर? आणि हो, इतक्यात कुणाला सांगू नका, लोकांची नजर वाईट असते."

त्याने आवाज आणखी मऊ केला. "पोचल्यावर पंधरा दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, तिकडे तसंच असतं. आज सही केली तर जागा तुमची. उद्याचं मी सांगू शकत नाही."

तपासनीसाने करारपत्र उलटसुलट करून पाहिले. "मामा, ही तिकडची भाषा आहे. मला यातलं एक अक्षर वाचता येत नाही."

आयुष्यभर जिने प्रत्येक पाटी तपासली, ती मुलगी मामाकडे बघत होती. मामाने पाहिले ते त्या माणसाच्या स्वच्छ नखांकडे. म्हणाला, "कर सही. त्यांची पाटी मीच लिहिलीय."

ती गेली. पंधरा दिवस फोन आला नाही. महिनाभराने एकदा आला. "मी बरी आहे" एवढेच शब्द, आणि शेजारी कुणाचा तरी श्वास. त्यानंतर काहीच नाही. पेंटर कचेरीत गेला तर दाराला कुलूप होते. पाटीसुद्धा नव्हती. भिंतीवर खिळ्यांची चार भोके तेवढी होती. पोलीस चौकीत सांगण्यात आले, "मुलगी सज्ञान आहे, स्वतः गेलीय, सहीसुद्धा आहे." ताई रोज जाऊन त्याच बाकावर बसायची. शेवटी शिपाई तिला बघून दुसऱ्या दाराने जाऊ लागला. पेंटरने मला न धुताच रंगाच्या डब्यात उभे टाकले. माझे केस वाकडे होऊन वाळले. मी तक्रार केली नाही. मला तेच हवे होते.

दोन वर्षांनी एक वकीलबाई तपासनीसाला घेऊन दारात उभ्या राहिल्या. बायकांच्या मदत केंद्राचे काम त्या बघत. मुलगी निम्मी झाली होती आणि उजव्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा डाग होता. ताईने तो डाग पाहिला. रोज इस्त्री हातात धरणारी बाई ती. तो कसा पडला असेल हे तिला विचारावे लागले नाही. तिने मुलीला जेवायला वाढले आणि ती जेवत असताना तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मुलीने हळूहळू सांगितले. शिवणकाम कुठलेच नव्हते. चौथ्या मजल्यावर एक घर, बाहेरून कुलूप, पहाटेपासून काम, पगार नाही, फोन काढून घेतलेला. सुटायचे कसे? घरातल्या लहान मुलीच्या वहीत बघून ती तिकडची अक्षरे गिरवायला शिकली. आठ महिने लागले. मग एक दिवस तिने बुटांच्या पॉलिशने पांढऱ्या चादरीवर तीन शब्द लिहिले, 'मला कोंडले आहे', आणि धुतलेल्या कपड्यांत ती चादर सज्ज्याच्या कठड्यावर वाळत घातली. रस्त्यापलीकडे दवाखाना होता. तिथल्या परिचारिकेने चालता चालता वाचले.

"अक्षरं वाकडी आली होती, मामा," ती म्हणाली. "पण वाचता आली."

पेंटर रडला. मग ती जे बोलली त्याने त्याचे रडणेही थांबले. "सुटलेल्या बायकांना ठेवतात त्या निवाऱ्यात त्याच कचेरीतून गेलेल्या आणखी दहा जणी होत्या. बऱ्याच जणी म्हणाल्या, आम्हाला आधी भीती वाटत होती, पण पाटी बघितली आणि वाटलं, एवढी चांगली पाटी लावणारा माणूस पळून कशाला जाईल? ती पाटी कुणी लिहिली, ते मी त्यांना सांगितलं नाही."

पेंटर उठला. जुना रंग खरवडायचे धारदार पाते त्याने खणातून काढले. मी डब्यातून ओरडत होतो, जा! घाल त्याच्या त्या गोड तोंडात! खोटे कशाला बोलू?

दारात तपासनीस आडवी झाली. "कुठं शोधणार त्याला? आणि सापडला तरी एकच तोंड बंद होईल. तसली पन्नास आहेत."

"मग काय करू? हात बांधून बसू?"

"मामा, आम्ही अकरा जणींनी एकमेकींना विचारलं, तुझ्या घरी तो काय बोलला? तर अक्षर न् अक्षर तेच. पाच वाक्यं आहेत त्याच्याकडे, सहावं नाही. तीच कमाई आहे त्याची." तिने पाते काढून घेतले. "आपण त्याची वाक्यंच काढून घेऊ. तो कुठंही जाऊन बसू दे, त्याच्याआधी ती भिंतीवर पोचलेली असली पाहिजेत."

मित्रांनो, असला सूड मला सुचला नसता. त्या संध्याकाळी तिने मला डब्यातून सोडवले. तीन तास टर्पेंटाइनमध्ये भिजवून, नखाने एकेक केस मोकळा करून तिने माझे टोक परत आणले. निम्मे केस गेले. उरले ते सगळे चिडलेले होते.

वकीलबाईंनी भिंतींच्या परवानग्या काढल्या. शाळेतले चित्रकलेचे शिक्षक रविवारी फुकट येतो म्हणाले, आणि आले. पहिल्याच दिवशी त्यांनी चित्र आणले: दोरीने बांधलेले हात, डोळ्यांतून पाणी. तपासनीसाने बघितले आणि म्हणाली, "सर, चित्र छान आहे. पण मला कुणी दोरीनं बांधलं नव्हतं. लोक दोऱ्या शोधत बसतील आणि तो खुर्चीवर बसून गोड बोलून जाईल. खुर्चीच काढा. इस्त्रीच्या शर्टातला, हसणारा माणूस काढा." सर थोडे हिरमुसले. पण मग त्यांनी असा हसरा माणूस काढला की बघून माझे केस ताठ झाले. चेहरा कुणाचाच नव्हता आणि तरी प्रत्येकाला ओळखीचा वाटत होता.

आणि समोरचा फ्लेक्सवाला, ज्याने आमचे पोट मारले होते, तो एका दुपारी आपणहून रस्ता ओलांडून आला. "माझी बाजूची भिंत घ्या," म्हणाला. "रंगवा. मी त्याची छोटी पत्रकं छापून देतो, फुकट." जाताना दारात घुटमळून म्हणाला, "पेंटर, अक्षर मात्र अजून तुमचंच." पेंटरने त्याला चहा पाजला. माझा राग एका बोटाने कमी झाला, तेवढाच.

बसस्थानक, पासपोर्ट कचेरीसमोरचा कट्टा, सरकारी दवाखाना, धुलाई केंद्राचे कुंपण. एका बाजूला खुर्चीतला माणूस आणि शेजारी हातभर उंचीच्या अक्षरांत त्याचे एकेक वाक्य. खाली लिहायचो: 'तुमच्या घरात बसून कुणी असं बोललं, तर आधी दार दाखवा, मग इथे फोन करा.' आणि मदत केंद्राचा नंबर. दुसऱ्याच आठवड्यात त्या नंबरावर तीन घरांचे फोन आले. लिहिताना मी प्रत्येक काना असा ओढायचो जणू त्याच्या पोटात खिळा ठोकतो आहे.

त्याच्यासारख्याच कुणाला तरी ते झोंबले. एका सकाळी बसस्थानकाच्या भिंतीवर कुणीतरी डांबर फासून ठेवले होते, वरपासून खालपर्यंत. पेंटरने डांबराला बोट लावून पाहिले आणि गालात हसला.

"बेट्यानं अस्तर मारून दिलं की. काळ्यावर पिवळा काय उठून दिसेल!"

पिवळ्या रंगात आम्ही तीच वाक्ये दीडपट मोठी लिहिली. आता ती बसमधूनही वाचता येत होती.

वर्ष गेले. एका मंगळवारी धुलाई केंद्रातल्या बायकांनी ताईला सांगितले, गुरुवारी दुपारी मागच्या सभागृहात कुणी एक साहेब येणार आहेत, परदेशी नोकऱ्या घेऊन. वकीलबाईंनी पोलिसांत नव्याने आलेल्या महिला अधिकाऱ्यांना कळवले. गुरुवारी आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसलो. तपासनीसाने मला अंबाड्यात खोचले होते, त्यामुळे मला सगळे डोकीवरून दिसत होते.

तोच होता. आता मिशी होती, चष्मा होता. नखे तशीच स्वच्छ. समोर चाळीसएक बायका. त्याने हात जोडले आणि आवाजात मध ओतला. "मावशींनो, ताईंनो, मला तुमचा मुलगाच समजा."

पुढच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसले. तो थबकला. रुमालाने कपाळ टिपून पुढे म्हणाला, "सगळी काळजी माझी. पासपोर्ट माझ्याकडे राहू दे..."

"वाटेत हरवला तर?" एक बाई म्हणाली.

"बरोबर, वाटेत हरवला तर..." आणि मग त्याला जाणवले की वाक्य आपण पुरे केलेले नाही. त्याचे डोळे भिरभिरले. "हे बघा, इतक्यात कुणाला सांगू नका..."

"लोकांची नजर वाईट असते!" आता दहा-बारा आवाज होते.

"पोचल्यावर पंधरा दिवस..."

"फोन लागला नाही तर घाबरायचं नाही!" सगळे सभागृह एका सुरात. शाळेत पाढे म्हणतात तसे.

त्याने तोंड उघडले. आत काही नव्हते. मित्रांनो, मी बावीस वर्षांत पुष्कळ रंग पाहिले, पण त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जो आला तो कुठल्याही डब्यात मिळत नाही. पाचवे वाक्य त्याला आठवलेच नाही. ते तपासनीसाने उभे राहून म्हटले, सावकाश, एकेक शब्द सुटा करून: "आज सही केली तर जागा तुमची. उद्याचं मी सांगू शकत नाही."

"तुम्ही कोण?" तो चिरकला. "कुठल्या खात्याच्या?"

"तपासनीस," ती म्हणाली.

तो पिशवी उचलून दाराकडे धावला. दारात ताई उभी होती. दार अरुंद आणि ताई आडव्या अंगाची, हे मी आधी सांगितलेच आहे. तिने त्याला हात लावला नाही. फक्त म्हणाली, "मुलगा ना तू माझा? मग आईला ओलांडून जा की." तो गेला नाही. मागच्या दाराने महिला अधिकारी आत आल्या. त्याच्या पिशवीत सतरा मुलींचे पासपोर्ट निघाले.

अकरा जणींनी न्यायालयात साक्ष दिली. पेंटरनेही दिली. भर न्यायालयात त्याने सांगितले की ती पाटी आपल्या हातची होती, आणि 'खरं करायचं काम मालकाचं' असे म्हणून आपण मोकळे झालो होतो. त्या माणसाला नऊ वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी पेढ्यांऐवजी पेंटरला रंगाचे डबे आणून दिले.

तुम्ही म्हणाल, झाले ना समाधान? नाही झाले. अकरा जणींची मिळून त्याने तीस वर्षे खाल्ली, आणि त्याला नऊ. त्याच्या वरचे साहेब, ज्यांची नखे त्याच्याहून स्वच्छ असतील, ते अजून मोकळे आहेत. त्याच कचेरीतून गेलेल्या दोघींचा पत्ता अजून लागलेला नाही. म्हणून दर रविवारी मी रंगात बुडतो. मला क्षमा करता येत नाही आणि कुणी मला ती शिकवूही नये. मला फक्त दर वेळी नीट धुवा, टोक काढा आणि आडवे ठेवा.

गेल्या आठवड्यातली गोष्ट सांगतो. बसस्थानकाच्या भिंतीवर आम्ही फिकी झालेली अक्षरे गिरवत होतो. बाकावर एक आई बसली होती, शेजारी तिची सतरा-अठरा वर्षांची मुलगी आणि एक हसतमुख माणूस, हातात तीन तिकिटे. आईला वाचता येत नसावे. तिने भिंतीकडे एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली. मुलगी मान खाली घालून बसली होती. तेवढ्यात बसची वाट बघणाऱ्या एका शाळकरी मुलीने, नुसता कंटाळा आला म्हणून, भिंत मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर जोडत, तुम्ही वर्गात वाचता तशी. पासपोर्ट. माझ्याकडे. राहू दे.

आईची मान वळली. तिने त्या माणसापुढे हात धरला. "आमची कागदपत्रं द्या जरा." तो हसत काहीतरी बोलू लागला. शाळकरी मुलगी पुढचे वाक्य वाचत होती. आईने हात मागे घेतला नाही. चारजण वळून बघू लागले, पेंटरही शिडीवरून उतरला, तेव्हा त्याने मुकाट्याने कागद काढून दिले. आईने ते पदराखाली घेतले, मुलीचे मनगट धरले आणि दोघी आल्या वाटेने चालू लागल्या. पेंटरने नंबर फिरवला तोवर तो माणूस गर्दीत नाहीसा झाला होता. पाचची बस तीन जागा रिकाम्या घेऊन सुटली.

त्या शाळकरी मुलीला यातले काहीच कळले नाही. ती नंबर वाचून होईपर्यंत वाचतच राहिली.

मित्रांनो, म्हणून तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. रस्त्याने जाताना भिंती वाचा, आणि मोठ्याने वाचा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कदाचित वाचता येत नसेल.